मागचा दिवा, टेबलावर

गाडीवरचे बहुतेक दिवे चालकाच्या कामाचे असतात. हेडलाइट रस्ता दाखवतो, मीटरवरचे दिवे वेग आणि इंजिनाची तब्येत सांगतात, केबिनमधला दिवा खाली पडलेली पावती शोधून देतो. मागचा दिवा चालकाला काहीच दाखवत नाही. तो लागला आहे की नाही, हेही सीटवर बसून कळत नाही. तो आहे मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीच्या मागे दोन तांबडे दिवे आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड बंधनकारक केला तोही याच माणसाचा विचार करून. ज्याचा फायदा आपल्याला दिसत नाही अशी वस्तू नीट ठेवणे ही सभ्यतेची परीक्षा असते, आणि रोज रात्री रस्त्यावर ती होत असते.

मोटारीच्या दुरुस्तीत म्हणूनच एक काम मला फार मोलाचे वाटते. मागच्या दिव्याचा अख्खा संच गाडीतून सोडवायचा, टेबलावर आणायचा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर एकेक दिवा लावून पाहायचा आणि मग त्याची वायरिंग नव्याने बांधायची. काम एखाद्या तासाचे. पण चांगल्या वायरमनच्या हातून ते होताना पाहिले की त्यात आशय दिसतो, रचना दिसते, काटकसर दिसते. रसग्रहण एरवी आपण कवितेचे करतो. नेमकेपणाने केलेल्या कामाचेही ते व्हावे, असे मला वाटते.

हे काम रत्नागिरीत पाहावे, कारण मागच्या दिव्याचे इथे जितके हाल होतात तितके थोड्या ठिकाणी होत असतील. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोच्या फाळक्यातून बर्फाचे खारट पाणी थेंबथेंब गळत असते, आणि त्याच्या बरोबर खाली असतो मागचा दिवा. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप रात्रीच्या निघतात. काही हातखंब्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे, काही निवळी घाट उतरून बावनदीवरून मुंबईकडे. जून लागला की घाटात धुके उतरते. गणपतीत मुंबईकर गाड्यांची रांगच्या रांग राष्ट्रीय महामार्ग ६६ वर लागते. जुनी माणसे त्याला अजून सतरा नंबरच म्हणतात. अशा रस्त्यावर पुढची गाडी म्हणजे दोन तांबडे ठिपके, एवढेच मागच्याला ठाऊक असते. त्यांतला एक मालवला तर पुढे ट्रक आहे की मोटारसायकल, हा प्रश्न वळणावर पडतो.

आता तो संच जवळून पाहू. बाहेर तांबडी, पिवळी आणि पांढरी अशी प्लास्टिकची काच. ती बाहेरून गुळगुळीत आणि आतून बारीक उंचवट्यांची. बल्बचा उजेड एका ठिपक्यातून निघतो. हे उंचवटे तो पसरवून काचभर करतात. काचेच्याच एका भागात परावर्तक असतो. त्याच्या आत तीन-तीन पृष्ठांचे चिमुकले कोपरे कोरलेले असतात आणि ते आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे बॅटरी उतरलेली, रस्त्याकडेला बंद पडलेली गाडीसुद्धा मागच्याच्या हेडलाइटमध्ये चमकते. करंट नसतानाही बोलणारा हा एवढाच भाग.

आत होल्डर आणि होल्डरात बल्ब. मधला महत्त्वाचा बल्ब डबल कॉन्टॅक्टचा असतो, २१/५ वॅटचा. एका काचेत दोन फिलामेंट: ५ वॅटची पार्किंगसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या पितळी टोपीवरच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात. एक वर, एक खाली. बल्ब उलटा बसूच नये म्हणून केलेली ही योजना. होल्डर झिजला किंवा कुणी जोर करून बल्ब उलटा दाबला की पार्किंग भगभगीत लागते आणि ब्रेक दाबल्यावर मिणमिणते. मागच्याला मिळणारी सूचनाच मग उलटी होते.

या दोन फिलामेंटांतला फरक वॅटच्या आकड्यावरून वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. २१ म्हणजे ५ ची साधारण चौपट. पण प्रमाणित १३.५ व्होल्टला ब्रेकच्या फिलामेंटचा उजेड सुमारे ४४० ल्युमेन आणि पार्किंगच्या फिलामेंटचा सुमारे ३५ ल्युमेन असतो, म्हणजे बारापट. हा बारापटीचा फरकच मागच्याला ‘मी इथे आहे’ आणि ‘मी थांबतोय’ ही दोन वाक्ये वेगळी ऐकवतो. दोन्हींचा रंग तांबडा, जागा एकच. अर्थ बदलतो तो फक्त उजेडाच्या चढाने. पुढचे सगळे काम हा चढ जपण्यासाठी असते.

टेबलावरचे काम सुरू होते ते करंट देण्याआधी. बॅटरीच्या धन टोकाकडून येणाऱ्या वायरीत जाणकार माणूस फ्यूज घालतो, नाहीतर २१ वॅटचा एक जादा बल्ब जोडतो. ही जुनी युक्ती मला फार आवडते. संचात कुठे शॉर्ट असेल तर हा जादा बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. सगळे ठीक असेल तर तो आणि संचातला बल्ब दोघेही मंद लागतात. दोष असला तर तो धुरातून कळण्याऐवजी उजेडातून कळतो. शॉर्ट नाही याची खात्री झाली की जादा बल्ब काढायचा आणि खऱ्या तपासणीला लागायचे.

पहिला शोध अर्थचा. सगळ्या होल्डरांच्या बाहेरच्या कड्या ज्या एका पट्टीला मिळतात ती पट्टी म्हणजे अर्थ, बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट. नवशिका पोरगा धन वायर हातात घेऊन आधी बल्ब पेटवायला धावतो. “अरे थांब, आधी अर्थ बघ,” हे वाक्य गॅरेजात दिवसातून कितीदा तरी ऐकू येते. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स या प्रत्येकाला येणारी वायर वेगळी, परतणारी मात्र बहुधा एकच. वाडीतल्या प्रत्येक घराचे बेडे वेगळे असले तरी सड्यावर जाणारी पाणंद एकच असावी, तशी. पाणंद अडली की सगळी वाडी अडते.

अर्थ पक्का केला की धन टोक एकेका वायरीला लावायचे. पार्किंग लागले, सोडा. ब्रेक लागला, सोडा. इंडिकेटर, रिव्हर्स. एका वेळी एकच प्रश्न आणि त्याचे एकच उत्तर. या कामाच्या रचनेतले सौंदर्य मला इथे दिसते. गाडीवर असताना हाच दिवा स्विच, फ्यूज, रिले, कपलर, कित्येक मीटर लांब वायरिंग आणि गंजलेला पत्रा या सगळ्यांशी बांधलेला असतो. दिवा लागला नाही तर यातले कोण गुन्हेगार, ते कळत नाही. टेबलावर आणताच सगळे संशयित बाजूला होतात आणि राहतो तो फक्त दिवा. टेबलावर लागला आणि गाडीवर लागत नाही, तर दोष गाडीत. टेबलावरही लागत नाही, तर दोष संचात. पाच मिनिटांत शोधाचे क्षेत्र अर्धे होते.

वायरीच्या रंगावर अनुभवी माणूस विसंबत नाही. कंपनीगणिक रंग बदलतात, आणि जुन्या गाडीत तर आधीच्या तीन दुरुस्त्यांचे तीन रंग असतात. जर्मन पद्धतीच्या सामानावर आकडे असतात ते अधिक भरवशाचे. ३१ म्हणजे अर्थ, ५४ म्हणजे ब्रेक, ५८ म्हणजे पार्किंग. आकडे नसतील तर प्रत्येक वायर लावून पाहायची आणि लगेच तिला कागदी पट्टीचे लेबल बांधायचे. लेबल न बांधता पुढे जाणारा माणूस तासाभराने तेच काम पुन्हा करतो.

एकेक दिवा लागला म्हणून काम झाले, असे मानणे ही इथली सर्वात मोठी चूक. आता सगळे एकत्र लावायचे. ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर मिळून ४७ वॅट, म्हणजे जवळजवळ चार अँपिअर. एवढा करंट त्या एका अर्थमधून परततो. इंडिकेटर लागताच ब्रेकचा उजेड किंचित बसतो का, हे बघायचे. बसत असेल तर परतीची वाट अरुंद झाली आहे.

इथे एक बारकावा आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे आतून गंजून एखाद-दुसऱ्या तंतूवर तगलेल्या वायरीवरही तो खुशाल बारा व्होल्ट दाखवतो. तीच वायर बल्बला लावली की बल्ब लागत नाही. म्हणून जुने वायरमन मीटर खिशात ठेवून टेस्ट लॅम्प काढतात. टेस्ट लॅम्प भार घेतो, आणि वायरीचे खरे रूप भारावरच कळते. मीटर वापरायचाच तर दिवे लावून ठेवावेत आणि संचाची अर्थपट्टी ते बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा वाटेतच खर्च होतो आहे.

एक व्होल्ट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. वीस टक्क्यांनी घटले की निम्म्याहून कमी उरतो. चार अँपिअरवर दहा टक्के घट व्हायला अर्थमध्ये एक तृतीयांश ओहमचा अडथळा पुरतो. स्वस्त मीटरची टोके एकमेकांना लावली तरी तेवढा आकडा दिसतो, म्हणून हा दोष ओहम मोजून सापडत नाही. रत्नागिरीच्या हवेत पितळेच्या कडीवर जो हिरवा कळक चढतो, त्याचा एक पातळ थर एवढा अडथळा सहज करतो. ब्रेकचा उजेड उतरतो, बारापटीचा चढ घटतो आणि दोन वाक्ये एकमेकांत मिसळू लागतात.

अर्थ पूर्ण तुटला तर काय होते, हे टेबलावरच दाखवता येते. संचाची अर्थ वायर काढून ब्रेकला करंट दिला तर काहीच लागत नाही. परतायला वाटच नाही. आता २१ वॅटचा एक सुटा बल्ब घ्यावा, गाडीच्या पुढच्या इंडिकेटरचा प्रतिनिधी म्हणून. त्याचे एक टोक संचाच्या इंडिकेटर वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावे. पुन्हा ब्रेकला करंट द्यावा. ब्रेकचा बल्ब, शेजारचा इंडिकेटरचा बल्ब आणि तो सुटा बल्ब, तिन्ही विझू घातलेल्या निखाऱ्यासारखे तांबूस होतात. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटने अर्थपट्टी गाठली, पुढे वाट बंद दिसली, म्हणून तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरला आणि पुढच्या बल्बातून ऋण टोकाला पोहोचला. तिघे एका ओळीत, प्रत्येकाच्या वाट्याला चार व्होल्ट, आणि उजेड नेहमीच्या शंभरातले दोन-तीन भाग.

हा प्रयोग समजला की रस्त्यावरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लुकलुकते, असल्या तक्रारी घेऊन गाड्या येतात. ऐकणाऱ्याला वाटते वायरिंगमध्ये काहीतरी गुंता झाला. बहुतेक वेळा गुंता नसतो. वायरी जागच्या जागी असतात. परतीची वाट बंद झालेली असते आणि करंटने शेजाऱ्याच्या दारातून वाट काढलेली असते. गाडीवर करंटला अशा चोरवाटा अनेक असतात, टेबलावर एकही नसते. दिवा बाहेर काढून तपासण्याचे मर्म हेच: खोटा उजेड द्यायला टेबलावर कुणी उरत नाही.

टेबलावर फसवणारी एक जागा मात्र आहे, ती फ्लॅशरची. गाडीचा फ्लॅशर एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन बल्बांचा भार धरून बनवलेला असतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस उघडझाप ही त्याची ठरलेली चाल. एकच बल्ब जोडला तर तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. नवशिका म्हणतो, फ्लॅशर गेला. फ्लॅशर गेलेला नसतो. एक बल्ब कमी आहे, हे तो सांगत असतो. बहुतेक गाड्यांत चालकाला मागच्या दिव्याची खबर देणारी ही एकच सोय, आणि ती कानाने कळते.

तपासणी झाली की बांधणी. इथे कोकणातल्या हवेचा विचार प्रत्येक टाक्यात असावा लागतो. दोन वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणे ही सगळीकडे दिसणारी पद्धत. खाऱ्या हवेत ती टेप दोन पावसाळ्यांत सुटते, आणि सुटण्याआधी आत पाणी धरून ठेवते. त्यापेक्षा वायरीची टोके पितळी नळीत पकडीने दाबावीत, वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवावी, आणि वायर खालून वळसा घेऊन होल्डरकडे जाईल असा झोल ठेवावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून होल्डरात न जाता वळशाच्या तळाशी गळून पडते. अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घ्यावी, कारण ती सगळ्यांचा करंट एकटी वाहते. तिची कडी पत्र्यावर बसते तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू काढावा, बोल्ट आवळावा, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस लावावे. रंगावरच कडी आवळली तर बोल्टच्या आट्यांतून जेमतेम संबंध राहतो, आणि पहिल्या पावसाळ्यात तोही जातो. मासळीच्या टेम्पोला तर अर्थची वेगळी वायर थेट चॅसीपर्यंत न्यावी. गंजक्या फाळक्यावर भरवसा ठेवू नये.

आता एलईडीचे दिवे आले आहेत. बल्बला धन-ऋण कसेही लावले तरी चालते, एलईडीला चालत नाही. म्हणून टेबलावर आधी दिशा ओळखावी लागते. एलईडी फार थोडा करंट घेतो, त्यामुळे अर्थ बराच खराब झाला तरी तो वरवर ठीक लागतो आणि दोष लपतो. जुन्या फ्लॅशरला हा भार पुरत नाही, म्हणून इंडिकेटर धावू लागतो. पण एक गुण असा की त्यापुढे या अडचणी पत्कराव्यात. बल्बची फिलामेंट तापून पूर्ण उजेडावर यायला सुमारे पंचमांश सेकंद घेते, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात पाच मीटर पुढे आलेली असते. निवळीच्या उतारावर पाच मीटर म्हणजे एका अख्ख्या गाडीची लांबी.

मागच्या दिव्यातल्या छोट्या बदलाने किती फरक पडतो, याचा दाखला मोठा बोलका आहे. १९७४ मध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही टॅक्सींना मागे मधोमध एक जादा ब्रेकलाइट लावून पाहिला. दिवा नसलेल्या टॅक्सींच्या मानाने या टॅक्सींवर मागून आदळणाऱ्या गाड्यांचे प्रमाण ठळकपणे उतरले. पुढे १९८६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तो तिसरा दिवा सक्तीचा झाला, आणि आज आपल्याकडच्या मोटारींच्या मागच्या काचेतही तो दिसतो. गाडीचे इंजिन, ब्रेक, टायर यांपैकी काहीही न बदलता, फक्त मागच्या माणसाला अधिक स्पष्ट सांगून अपघात टळले.

टेबलावरच्या तपासणीला मर्यादा आहेतच. टेबल हलत नाही, त्याला खड्डे लागत नाहीत, त्यावर पाऊस पडत नाही. झटक्यासरशी सुटणारा होल्डरचा स्प्रिंग टेबलावर निमूट वागतो. म्हणून वायरी हलवून, संचावर बोटांनी टकटक करून पाहावे, आणि दिवा गाडीवर चढवल्यावर हीच तपासणी इंजिन चालू ठेवून पुन्हा करावी. टेबलावर दिव्याची खात्री होते, गाडीची खात्री गाडीवरच करावी लागते. दोन्ही झाल्या तरच काम पुरे.

म्हणून गाडी दुरुस्तीला टाकाल तेव्हा ‘दिवा लागतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. सगळे दिवे एकदम लावून पाहिले का आणि अर्थ खरवडून नवा केला का, हे दोन प्रश्न विचारा. चांगला वायरमन या प्रश्नांनी खूश होतो. त्याचे न दिसणारे काम कुणीतरी वाचले, हे त्याला कळते. त्या तासाभराची मजुरी पूर्ण द्या, घासाघीस करू नका. ती मजुरी आपण आपल्या मागून येणाऱ्याच्या वतीने देत असतो, आणि घाटात आपल्या पुढे असलेल्या गाडीच्या मालकानेही ती दिलेली असावी, ही आपली अपेक्षा असते.